सॉफ्टवेअर कोणासाठी? एस्टोनिया आणि यवतमाळ

(यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०११ च्या जनगणनेप्रमाणे यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार आहे. युरोपच्या ईशान्य टोकाला, बाल्टिक समुद्राच्या काठी, एस्टोनिया नावाचा एक देश आहे. त्याला स्वतःची संसद आहे आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत भारताइतकेच एक मत आहे. त्याची एकूण लोकसंख्या मात्र साडेतेरा लाखांच्या आसपास, म्हणजे या जिल्ह्याच्या जेमतेम निम्मी भरते. गेली वीस-पंचवीस वर्षे हा देश सॉफ्टवेअर उद्योगासाठी जगभर नावाजला जात आहे. मंत्री आणि सचिव त्याचे दाखले देतात. ‘डिजिटल’ हा शब्द त्यांच्या भाषणात वाक्यागणिक येतो. परंतु या दाखल्यांतून एक गोष्ट हमखास गळते. एस्टोनियात सॉफ्टवेअरचे पहिले मोठे गिऱ्हाईक तेथील सरकार आणि तेथील शाळा हे होते. महाराष्ट्राचा सॉफ्टवेअर उद्योग एस्टोनियाच्या उद्योगाहून वयाने वडील आहे आणि आकाराने तर कित्येक पट मोठा आहे. तरीही यवतमाळच्या कापूस उत्पादकाला या उद्योगाचे दर्शन घडते ते एका खिडकीवर, अंगठा न उमटल्यामुळे परत पाठवले जाताना. असे का झाले, याचा विचार कार्यकर्त्यांनी करायला हवा.

या उद्योगाची पाळेमुळे महाराष्ट्रातच आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली चालू झाला. मुंबईची आयआयटी १९५८ साली सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली. १९६८ साली मुंबईतच टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस स्थापन झाली. तिची सुरुवातीची कामे देशातल्या देशातच होती. टिस्कोसाठी पंचकार्डांचे काम आणि सेंट्रल बँकेच्या शाखांमधील हिशेबांचा मेळ घालण्याचे काम ही त्यांपैकी ठळक. १९७३ साली अंधेरीला ‘सीप्झ’ हे निर्यात क्षेत्र झाले आणि उद्योगाचे तोंड हळूहळू बाहेर वळू लागले. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात जन्मली आणि दोनच वर्षांनी बंगलोरला गेली, हा त्यातलाच एक उपकथाभाग.

या इतिहासात समाजवादी चळवळीचाही एक अध्याय आहे आणि तो विसरला जाऊ नये. १९७३ च्या परकीय चलन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांनी आपला भाग चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणावा असे बंधन होते. आयबीएमने ते मानले नाही. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ साली ती कंपनी देश सोडून गेली. आता देशातले संगणक बंद पडणार, असा ओरडा त्या वेळी झाला. ते बंद पडले नाहीत. सीएमसी या सरकारी कंपनीच्या अभियंत्यांनी आयबीएमची यंत्रे सांभाळली. पुढे याच सीएमसीने दिल्लीत १९८५-८६ साली रेल्वेची संगणकीय आरक्षण व्यवस्था उभी केली. आरक्षणासाठी पूर्वी काय हाल होत ते ज्यांनी भोगले आहे, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. सार्वजनिक गरजेसाठी सार्वजनिक मालकीच्या संस्थेने केलेले हे सॉफ्टवेअर होते आणि सर्वसामान्य प्रवाशाला त्याचा उपयोग झाला. अशी ही कंपनी २००१ साली टाटा समूहाच्या हवाली करण्यात आली आणि २०१५ साली टीसीएसमध्ये विलीन होऊन तिचे नावही संपले.

येथे थोडे आत्मपरीक्षणही करायला हवे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाला जोराचा विरोध केला. पुढे बँकांतही तोच प्रश्न उभा राहिला. नोकऱ्या जातील ही त्यांची भीती निराधार नव्हती. परंतु डाव्या आणि समाजवादी पक्षांनी त्या विरोधाच्या पुढे जाऊन संगणक कोणाच्या मालकीचा, त्यावर काम कोणते आणि हुकमत कोणाची, हे प्रश्न विचारायला हवे होते. ते पुरेशा नेटाने विचारले गेले नाहीत. यंत्राला नकार देण्यात शक्ती खर्च झाली आणि यंत्र आले तेव्हा त्याच्या मालकीची चर्चा करायला मैदानात कोणी उरले नव्हते.

१९९१ नंतरची वाट सर्वांना परिचित आहे. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क झाले. निर्यातीच्या नफ्यावरील प्राप्तिकराची सूट चालू राहिली, ती थेट मार्च २०११ पर्यंत. हिंजवडीत औद्योगिक विकास महामंडळाने रस्ते व भूखंड तयार करून दिले. या उद्योगाने लाखो मध्यमवर्गीय घरांत पैसा आणला हे नाकारण्यात अर्थ नाही. शेतकऱ्यांची मुलेही त्यात आहेत. परंतु त्याचे गिऱ्हाईक न्यूयॉर्क आणि लंडनच्या बँका व विमा कंपन्या हेच राहिले. तिकडे मंदीचे वारे सुटले की इकडे माणसे कमी होतात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ‘आयटीवाला म्हणजे कामगार नव्हे’ या समजुतीला पुण्यात चांगलाच तडा गेला.

यवतमाळच्या बाजूने पाहिले तर हे चित्र ओळखीचे वाटेल. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे धावू लागली. लोक तिला शकुंतला म्हणत. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती बांधली आणि त्यामागचा हेतू वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरापर्यंत, तेथून मँचेस्टरपर्यंत पोचवण्याचा होता. कापूस गेला, कापड परत आले, आणि मधली किंमत दुसरीकडे राहिली. शकुंतला आता बंद आहे. संध्याकाळी मात्र यवतमाळ आणि पुसदहून पुण्याकडे ट्रॅव्हल्सच्या गाड्या सुटतात आणि त्यांत अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुले-मुली असतात. पुसदला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, यवतमाळलाही आहे. शेत गहाण ठेवून शिकवलेली ही पोरे परत येत नाहीत, कारण परत येऊन करण्याजोगे काम येथे कोणी निर्माण केलेले नाही. आणि मँचेस्टरचे कापड जसे येथल्याच बाजारात येई, तसे बाहेर तयार झालेले सॉफ्टवेअर येथे येते. त्याचे रूप असते अर्जाचे.

हा अर्ज कसा असतो याचा अनुभव २०१७ साली साऱ्या महाराष्ट्राने घेतला. जून २०१७ मध्ये राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. ३४,०२२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी असे आकडे सांगण्यात आले. त्यानंतर असे ठरले की प्रत्येक शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरला पाहिजे. नवरा-बायको दोघांनी केंद्रावर यायचे, आधार क्रमांक द्यायचा, अंगठा लावायचा. आयुष्यभर कापूस वेचून आणि पऱ्हाटी उपटून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचे अंगठे यंत्राने ओळखावेत ही अपेक्षाच मुळात शहरी आहे. ऐन डवरणी-फवारणीच्या दिवसांत माणसे केंद्रांवर रात्रीपर्यंत ताटकळली. अर्जाची मुदत वाढवावी लागली. गावोगावी चावडी वाचन झाले. दिवाळीच्या तोंडावर मुंबईत समारंभ करून काही शेतकऱ्यांना प्रमाणपत्रे दिली गेली, आणि त्यानंतर याद्यांत एकाच आधार क्रमांकापुढे अनेकांची नावे निघाली.

या अर्जात विचारलेले काय होते? कर्ज किती, कोणत्या बँकेचे, कधीचे, थकीत किती. ही सगळी माहिती जिल्हा मध्यवर्ती बँकेकडे, राष्ट्रीयीकृत बँकेकडे, गावच्या सेवा सोसायटीच्या खतावणीत होतीच. शेतकऱ्याने ती सरकारला पुन्हा सांगावी, मग सरकारने बँकेला विचारावे, मग दोन्ही उत्तरे जुळतात का ते यंत्राने पाहावे, असा हा द्राविडी प्राणायाम होता. तो अनावश्यक होता, याचा पुरावा सरकारनेच पुढे दिला. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत शेतकऱ्यांकडून अर्ज न मागवता बँकांकडूनच याद्या घेण्यात आल्या, आणि शेतकऱ्याने फक्त आपले नाव पडताळून द्यायचे राहिले. अंगठ्याची कटकट तेथेही होतीच, पण रांगांचे ते पर्व टळले. म्हणजे २०१७ सालीही हे शक्य होते.

त्याच २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात दुसरी एक घटना घडली. तिची नोंद येथे केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधित झाले. वीसच्या आसपास माणसे दगावली. पावसाळ्यातच रुग्ण दाखल होऊ लागले होते. परंतु गावाच्या शिवारात काय घडते आहे याची जाहीर वाच्यता झाली ती सप्टेंबर संपून ऑक्टोबर उजाडताना. आरोग्य खात्याच्या कागदावर जे होते ते कृषी खात्याच्या टेबलावर वेळेत पोचले नाही. विषबाधेचा रुग्ण खाटेवर आला की त्याच दिवशी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला त्याची सूचना जावी, एवढे साधे सॉफ्टवेअर लिहायला पदवीचे शेवटचे वर्ष पुरे. ते कोणी मागितले नाही, म्हणून कोणी लिहिले नाही. अर्ज भरून घेण्याचे सॉफ्टवेअर मात्र महिन्याभरात उभे राहिले होते.

आता एस्टोनियाकडे वळू. हा देश ऑगस्ट १९९१ मध्ये सोव्हिएत संघापासून पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा गरीब होता. त्याच्याकडे एक ठेवा होता: टॅलिन या राजधानीत १९६० साली स्थापन झालेली सायबरनेटिक्सची संस्था आणि तिच्यात तयार झालेले गणिती व अभियंते. समाजवादी राजवटीत सार्वजनिक पैशाने उभारलेल्या त्या संस्थेवर पुढचा खासगी उद्योग पोसला गेला. भांडवलदारी लेखक हे सहसा सांगत नाहीत. १९९६ साली राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी ‘व्याघ्रझेप’ नावाची शालेय योजना जाहीर केली आणि पाचेक वर्षांत देशातल्या सगळ्या शाळांत संगणक आणि इंटरनेट पोचले. २००० साली सार्वजनिक माहितीचा कायदा झाला. त्या कायद्याच्या चौकटीत एक तरतूद आहे, ती लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे: एकच माहिती गोळा करण्यासाठी दुसरा वेगळा साठा उभारण्यास मनाई आहे. जी माहिती सरकारच्या एका खात्याकडे आहे ती दुसऱ्या खात्याने नागरिकाला पुन्हा विचारायची नाही. खात्याने खात्याकडून घ्यायची.

या तत्त्वावर २००१ साली ‘एक्स-रोड’ नावाची व्यवस्था सुरू झाली. तिच्यात सगळ्या माहितीचा एक प्रचंड ढीग कोठेही केलेला नाही. आरोग्याची माहिती आरोग्य खात्याकडे, जमिनीची जमीन खात्याकडे. मधून फक्त बंदिस्त वाटा काढलेल्या आहेत आणि त्या वाटेने कोण गेले, केव्हा गेले, याची नोंद राहते. आपली माहिती कोणत्या अधिकाऱ्याने पाहिली हे नागरिकाला स्वतः बघता येते. विनाकारण पाहिली असेल तर त्याला जाब विचारता येतो. यवतमाळच्या नागरिकाला आपला सातबारा दिसतो. तो कोणी कोणी पाहिला हे दिसत नाही. २०१६ साली एक्स-रोडची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली. फिनलंडनेही ती वापरात आणली. जगातला कोणताही देश, किंबहुना कोणताही जिल्हा, ती फुकट उतरवून घेऊ शकतो.

योगायोग असा की २०१७ च्या त्याच सप्टेंबरात एस्टोनियावरही संकट आले. नागरिकांच्या ओळखपत्रातील चिपमध्ये सुरक्षेचा दोष सापडला आणि सुमारे साडेसात लाख ओळखपत्रे धोक्यात आली. पंतप्रधानांनी वार्ताहर परिषद घेऊन दोष जाहीर केला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सदोष प्रमाणपत्रे स्थगित करण्यात आली आणि लोकांना घरबसल्या ती नवीन करून घेण्याची सोय देण्यात आली. चूक तेथेही झाली. परंतु ती दुरुस्त करणारे हात देशात होते.

तथापि एस्टोनिया म्हणजे स्वर्ग, असा समज करून घेऊन कोणी येथून उठू नये. तेथे १९९४ सालीच श्रीमंत आणि गरीब दोघांनाही सारख्या दराचा प्राप्तिकर लावण्यात आला. १९९२ साली लोकसंख्येचा सुमारे एक तृतीयांश भाग, मुख्यतः रशियन भाषक, नागरिकत्वाबाहेर होता. ज्या स्काइपमुळे त्या देशाचे नाव झाले ती आज्ञावली २००३ साली टॅलिनमधल्या तरुणांनी लिहिली. मालक स्वीडन आणि डेन्मार्कचे. पुढे ती अमेरिकन कंपन्यांच्या हाती गेली आणि मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती बंदच करून टाकली. कापसाच्या जिल्ह्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. रशियाच्या सीमेवर नार्वा नावाचे शहर आहे. तेथे १८५७ साली क्रेनहोल्म ही कापड गिरणी निघाली. ती जगातल्या मोठ्या गिरण्यांपैकी एक होती, दहा हजारांवर कामगार तेथे राबत, आणि १८७२ चा तिचा संप रशियन साम्राज्यातल्या आरंभीच्या मोठ्या संपांत गणला जातो. स्वातंत्र्यानंतर ती स्वीडिश मालकाकडे गेली आणि २०१० साली तिचे दिवाळे निघाले. टॅलिनमध्ये सॉफ्टवेअरचे नवकोट नारायण तयार होत होते तेव्हा नार्वाच्या कातकऱ्या-विणकऱ्या बेकार होत होत्या. गिरणगावाची कहाणी माहीत असलेल्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. सॉफ्टवेअर उद्योगातून समता आपोआप झिरपत नाही, तेथेही झिरपली नाही.

घेण्यासारखे आहे ते वेगळेच: राज्याने आपल्या नागरिकाशी कसे वागावे याचा नियम आधी कायद्यात लिहिला गेला आणि सॉफ्टवेअर त्याच्या मागून आले. येथे क्रम उलटा आहे. निविदा आधी, सॉफ्टवेअर नंतर, आणि नियम सॉफ्टवेअर काय मान्य करते त्यावर ठरतो. ‘सिस्टिम घेत नाही’ हे वाक्य आता तहसील कार्यालयात कायद्याच्या कलमासारखे उच्चारले जाते.

छोट्या देशाचे मोठ्या देशाला काय, हा आक्षेप नेहमीचा आहे. ज्या देशाने शंभर कोटींहून अधिक लोकांचे अंगठे आणि डोळ्यांचे ठसे घेतले त्याने आकाराची सबब सांगू नये. शिवाय केरळ एस्टोनियाएवढा छोटा नाही. १९९६ साली तेथे लोकनियोजन मोहीम सुरू झाली; तिच्या ओघात १९९९ साली पंचायतींच्या संगणकीकरणासाठी इन्फर्मेशन केरळ मिशन स्थापन झाले आणि जन्म-मृत्यूच्या नोंदीपासूनचे सॉफ्टवेअर सरकारी यंत्रणेने स्वतः तयार केले. तेथील सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर शिकवले जाते. महाराष्ट्राने एमएस-सीआयटीद्वारे लाखो लोकांना संगणक वापरायला शिकवले, ही कामगिरी लहान नव्हे. परंतु वापरायला शिकवले, बनवायला नाही.

आणि महाराष्ट्रात बनवणारे हात नाहीत असेही नाही. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात राष्ट्रीय सूचना केंद्राची शाखा आहे, यवतमाळलाही आहे. तिला माणसे द्या, जिल्ह्यातल्या महाविद्यालयांशी जोडा, आणि पंचायत, रुग्णालय, बाजार समिती यांच्या गरजा तिच्यापुढे ठेवा. ग्रामपंचायतीत २०११ पासून संगणक परिचालक काम करीत आहेत. गावाचा दाखला, गावाचा हिशेब, गावाची प्रत्येक योजना त्यांच्या बोटांतून जाते. सॉफ्टवेअरमध्ये कोणती चूक आहे हे मंत्रालयातल्या सल्लागाराच्या आधी त्यांना कळते. हे तरुण कंत्राटी आहेत, तुटपुंज्या मानधनावर आहेत, तेही महिनोन्‌महिने थकते, आणि त्यांना मुंबईच्या आझाद मैदानात वारंवार जाऊन बसावे लागले आहे. सॉफ्टवेअर उद्योगातला श्रमिक म्हटला की हिंजवडीचा गळपट्टीवाला तरुण डोळ्यांपुढे येतो. उमरखेड किंवा झरी जामणीच्या पंचायतीत बसलेला परिचालक येत नाही. पक्षाच्या कामगार आघाडीने त्यांच्या कायम नेमणुकीचा प्रश्न सॉफ्टवेअर उद्योगाचा प्रश्न म्हणून हाती घ्यायला हवा.

यंदाच्या अनुभवाकडे पाहिले तर घाई का हवी ते समजेल. पिकाची नोंद तलाठ्याऐवजी शेतकऱ्याने मोबाइलवर करायची, ही ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर आहे. २०२५-२६ च्या हंगामापासून कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी करायची आणि वेळ घ्यायची, असे झाले. नोंदणीची मुदत वाढवावी लागली. ज्याच्याकडे तसा फोन नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, ज्याची जमीन बापाच्या नावावर आहे किंवा जो ठोक्याने करतो, त्याचा कापूस खासगी व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो, पडेल त्या भावाने. एका पीकपेऱ्याची नोंद सरकारच्या एका ॲपवर असताना सरकारच्याच दुसऱ्या ॲपवर ती शेतकऱ्याने पुन्हा का सिद्ध करायची?

कार्यकर्त्यांनी आरंभ माहितीच्या अधिकारापासून करावा. जिल्ह्यातील सरकारी कार्यालयांत शेतकरी, मजूर, विद्यार्थी आणि रुग्ण यांच्यासाठी कोणकोणती सॉफ्टवेअरे वापरात आहेत, ती कोणी बनवली, त्यांच्या आज्ञावलीची मालकी करारात कोणाची आहे, दरसाल देखभालीसाठी किती रक्कम दिली जाते, आणि एका योजनेत भरलेली माहिती दुसऱ्या योजनेत पुन्हा मागू नये असा काही आदेश आहे काय, हे पाच प्रश्न लेखी विचारावेत. तालुके सोळा आहेत; प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज, त्याला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, आणि उत्तर तीस दिवसांच्या आत.